ट्रकच्या सीटवरून छोटी गाडी दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की मुंबई-गोवा हायवेवर या छोट्या गाड्यांना बंदीच घाला, नुसते पत्र्याचे डबे आहेत, स्वतः मरतात आणि दुसऱ्यांना अडकवतात वगैरे. मी ते पत्र दोनदा वाचलं, मग सुनेला वाचायला दिलं. ती म्हणाली बाबा तुम्ही लिहाच, तुम्ही दोन्हीकडून बघितलंय. म्हणून लिहितोय. मला पेपरातलं लिहिता येत नाही, बोलतो तसं लिहिलंय, लांबलं तर कापा पण अर्थ बदलू नका एवढीच विनंती.

दोन्हीकडून म्हणजे काय ते आधी सांगतो. मी लांजा तालुक्यातला. सत्तावीस वर्षं ट्रक चालवला. पावसाळ्याआधी आंबा, इतर वेळी चिरा, कधी खत, कधी सिमेंट, जे मिळेल ते. आंब्याच्या सीझनला तर रोज रात्रीची गाडी, संध्याकाळी पेट्या भरायच्या आणि पहाटे वाशी मार्केटला लागायचं, कारण उशिरा पोचलेल्या मालाला भाव पडतो आणि बागायतदार ड्रायव्हरलाच बोलतो. आता गुडघे गेले म्हणून घरी आहे आणि घरात एक आठशे सीसीची छोटी गाडी आहे, सेकंडहँड. तीच आता मुलगा चालवतो, सून चालवते, अधूनमधून मीपण वाडीतल्या वाडीत चालवतो.

तर ट्रकच्या सीटवर बसलं की माणसाचे डोळे जमिनीपासून सात-आठ फुटांवर असतात. छोट्या गाडीचं टप पाच फुटांवर. समोर लांब असेल तर दिसते हो गाडी, पण जवळ आली की गायब. ट्रकच्या अगदी पुढे घुसली तर दिसत नाही, मागे चिकटली तर आरशात दिसत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्लिनर साईड. डावीकडे, दरवाजाच्या खाली आणि थोडं मागे, तिथे एक अख्खी छोटी गाडी मावते आणि ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही. क्लिनर जागा असला तर तो हात बाहेर काढून पत्र्यावर थाप मारतो, पण पहाटे तीन वाजता कुठला क्लिनर जागा असतो.

मी एकदा परशुराम घाटात असाच वळण घेत होतो, तेव्हा घाट जुना होता, अरुंद. वळणाला ट्रकचं मागचं चाक आत येतं, पुढचं चाक जातं त्याच वाटेने ते जात नाही, हे बऱ्याच गाडीवाल्यांना माहीतच नसतं. डावीकडून टक्क असा आवाज आला. आवाज पण मोठा नाही, कोणीतरी लाकडी पेटीवर टिचकी मारावी तसा. मला वाटलं फांदी लागली. क्लिनर ओरडला म्हणून थांबलो. खाली उतरून बघतो तर एक छोटी गाडी माझ्या आणि गटाराच्या मधे, तिचा आरसा आत दुमडलेला, दरवाजाला लांब ओरखडा, पुढे बाई बसलेली आणि तिच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांचं पोरगं हातात बिस्किट धरून. कोणाला काही लागलं नाही. पोरगं रडलं पण नाही, बिस्किट खात माझ्याकडे बघत होतं. गाडीवाला मला शिव्या द्यायला उतरला आणि देऊन झाल्यावर तोच थरथरायला लागला, मग आम्ही दोघं तिथेच दगडावर बसलो पाच मिनिटं. माझी चूक होतीच, मी बघायला पाहिजे होतं. पण खरं सांगू, मी बघितलं होतं. दिसलं नव्हतं.

म्हणून छोट्या गाडीवाल्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही. तिथे रेंगाळू नका. एकतर मागे राहा किंवा उजवीकडून, रस्ता मोकळा बघून, हॉर्न-डिपर देऊन एकदम निघून जा. डावीकडून घुसायचं नाही म्हणजे नाही. आणि दिवसा पाऊस असला, धुकं असलं की लाईट लावा, चार इंडिकेटर लावून पळवू नका. चारी इंडिकेटर चालू असले की तुम्ही वळताय की थांबलाय ते मागच्याला काही कळत नाही. आंबा घाटात धुक्यात राखाडी रंगाची छोटी गाडी म्हणजे रस्त्याचाच एक तुकडा.

आता वजनाचं. माझा नातू अकरावी सायन्सला आहे. त्याला मी विचारलं की बाबा तुझ्या फिजिक्समध्ये ट्रक आणि गाडी समोरासमोर आली तर काय होतं ते आहे का. त्याने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. ट्रक भरलेला १६ टन, गाडी माणसांसकट १ टन, दोघं ५० च्या स्पीडने समोरासमोर आले आणि एकमेकांत अडकले. उत्तर आलं साधारण ४४. म्हणजे ट्रक ५० वरून ४४ वर आला, ड्रायव्हरला जोरात ब्रेक मारल्यासारखं वाटेल, संपलं. आणि गाडी? गाडी ५० ने पुढे जात होती ती ४४ ने मागे जायला लागली. म्हणजे डोळ्याची पापणी लवते ना लवते तोच ९४ चा फरक, आत बसलेल्या माणसाच्या शरीराला. मी ते पान फाडून घेतलंय, फ्रिजवर लावलंय. सत्तावीस वर्षं मी त्या ४४ वाल्या बाजूला बसलो होतो आणि मला कधी हे सुचलं नाही.

टीव्हीवर स्टार-स्टार करतात ना, त्या टेस्टमध्ये गाडी ६४ च्या स्पीडने एका ठोकळ्यावर आपटतात, पुढची फक्त ४० टक्के बाजू लागेल अशी. ती टेस्ट साधारण आपल्याच वजनाची गाडी समोरून आली तर काय होईल ते सांगते. चिऱ्याचा ट्रक आला तर काय होईल ते नाही सांगत. म्हणून छोट्या गाडीचे चार स्टार आणि दोन टनाच्या गाडीचे चार स्टार एक नव्हेत, ही तुलना आपल्या आपल्या वजनातच करायची असते. शोरूममधली पोरं हे सांगत नाहीत, त्यांचा काय दोष, त्यांना गाडी विकायचीय.

पण त्या वाचकाने लिहिलंय तसं सगळ्या छोट्या गाड्या म्हणजे डबा, हेही खोटं आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून स्टार देणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच गाड्या आपटल्या होत्या, नॅनो, अल्टो ८००, आय१०, फिगो आणि पोलो. पाचही बिनएअरबॅगच्या आणि पाचही मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य. त्यातली पोलो तर जर्मन कंपनीची, तरी शून्य. पण तिचा सांगाडा टिकला होता आणि तीच गाडी एअरबॅग लावून आपटली तेव्हा चार स्टार आले. याचा अर्थ काय तर सांगाडा आणि एअरबॅग दोन्ही लागतात, नुसती लांबी मोजून काही होत नाही. नंतर कायदा झाला, २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ देत नाही ते) आणि ड्रायव्हरची एअरबॅग, पट्टा नाही लावला तर पीं पीं वाजणारं यंत्र आणि ८० च्या पुढे वाजणारी बेल. शेजारच्या सीटची एअरबॅग त्यानंतर आली. सहा एअरबॅगा सक्तीच्या करणार म्हणाले होते, ते काही झालं नाही, पण आता काही कंपन्या आपणहून लहान गाडीतसुद्धा सहा द्यायला लागल्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी होऊन १८ टक्के झाला, त्याने आमच्या आळीत दोन नव्या गाड्या आल्या. चांगलं आहे की. काल दोन पोरं आणि बायको घेऊन बाईकवरून पावसात जाणारा माणूस आज चार चाकांवर टपाखाली बसलाय. त्याला बंदी घाला म्हणणाऱ्याने एकदा हातखंब्याच्या उतारावर जुलैत बाईक चालवून बघावी.

बंदीने काही होणार नाही, पण छोटी गाडी मोठ्या गाडीसारखी वापरायची सवय मोडायला पाहिजे, ती आमच्या घरापासूनच. गेल्या वर्षीची गोष्ट. कोल्हापूरला देवीला गेलो होतो. येताना सहा माणसं, मुलगा, सून, नातू, मी, आमची मंडळी आणि विहीणबाई. पाचाच्या गाडीत सहा. शिवाय डिकीत गुळाच्या चार ढेपा, कारण कोल्हापूरला जाऊन गूळ नाही आणला तर आळीत तोंड दाखवता येत नाही. जुलै महिना, संध्याकाळचे साडेसात, आंबा घाटातून साखरप्याकडे उतरत होतो. समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला डिपर मारतोय. मुलगा चिडला, म्हणे माझा लाईट डाऊनच आहे, हे लोक उगाच मारतात. मीपण म्हटलं असतील माजोरी. एका वळणावर एक ट्रकवाला काच खाली करून ओरडला, लाईट खाली घे रे, डोळे फोडतोस काय!

तेवढ्यात वास यायला लागला. जळकट, रबरासारखा, ज्याने घाट चालवलाय तो हा वास जन्मात विसरत नाही. मुलगा गाडी तिसऱ्यात घेऊन ब्रेकवर पाय ठेवूनच उतरवत होता, आठ-नऊ वळणं झाली असतील. मी विचारलं ब्रेक लागतोय का, तर म्हणाला लागतोय पण जोर लावायला लागतोय. पुढच्या वळणाला म्हणाला बाबा, पेडल दाबतोय पण गाडी पकडत नाहीये. मागे बायका बोलत होत्या त्या गप्प झाल्या. मी त्याला म्हटलं घाबरू नको, दुसरा टाक, क्लच हळू सोड. इंजिन केवढ्याने ओरडलं पण गाडीने वेग धरणं थांबवलं. मग पहिला. मग हँडब्रेक थोडा थोडा, बटण दाबून धरून, एकदम नाही ओढायचा, नाहीतर मागची चाकं घसरतात. डाव्या हाताला थोडी रुंद जागा होती तिथे डोंगराच्या बाजूला घेतली आणि पुढच्या-मागच्या चाकाला दगड लावले. पुढच्या चाकातून वाफ येत होती. नातू बाटलीतलं पाणी ओतायला निघाला, त्याला थांबवलं, तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं की तडा जातो. पाऊण तास बसलो. थांबलेल्या एका ट्रकवाल्याकडून गरम चहा मिळाला, त्याच्याकडे स्टो होता, देव त्याचं भलं करो.

तोच ट्रकवाला मग गाडीत वाकून स्टेअरिंगच्या उजव्या बाजूची एक बारकी गोल चक्री दाखवून म्हणाला, काका ही फिरवली का? त्यावर शून्य, एक, दोन, तीन लिहिलेलं. मागे वजन बसलं की गाडीचं बूड खाली जातं आणि तोंड वर होतं, मग डाऊन लाईट पण समोरच्याच्या डोळ्यात जातो. ती चक्री फिरवली की लाईट खाली येतो. मी सत्तावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस आणि घरात चार वर्षं असलेल्या गाडीतली चक्री मला माहीत नव्हती. आमचे लाईट त्या रात्री रस्ता सोडून झाडांचे शेंडे दाखवत होते. आता सांगा, त्यात एखादा समोरचा आंधळा होऊन आमच्यावर आला असता तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं असतं, ट्रकची कारला धडक.

ट्रकवाल्यांची जुनी म्हण आहे, ज्या गिअरला घाट चढतोस त्याच गिअरला उतर. छोट्या गाडीला हे जास्तच लागू आहे कारण तिचे ब्रेकपण तिच्या मापाचेच असतात. साडेसातशे किलोची गाडी, तिच्यात सहा माणसं म्हणजे साडेतीनशे-चारशे किलो, वर गूळ. ट्रकला पासिंगपेक्षा दीडपट माल भरला तर आरटीओ धरतो, आणि आपण गाडीत तेच करतो तेव्हा कोणी बोलत नाही. आणि न्यूट्रलला टाकून किंवा चावी बंद करून पेट्रोल वाचवत उतरणारे अजूनही आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला जी मदत मिळते ती दोन-तीन दाबांत संपते, मग पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टेअरिंग जड होतं, आणि चावी जास्त फिरली तर स्टेअरिंग लॉक. वाचलेलं पेट्रोल किती, दहा रुपयांचं. आता बिनक्लचच्या छोट्या गाड्या आल्यात त्यांनाही मॅन्युअलला टाकून गिअर खाली घेता येतो, ते घाटाआधी घरी बसून शिकून घ्या, वळणावर शिकू नका. त्या रात्रीनंतर ब्रेक करायला गाडी टाकली तेव्हा मिस्त्री म्हणाला तुमचं ब्रेक ऑईल कधी बदललं, आम्ही कधीच नव्हतं बदललं. ते हवेतला ओलावा खातं आणि मग लवकर उकळतं. आमच्या कोकणात ओलावा काय कमी आहे. दर दोन वर्षांनी बदला, फार खर्च नाही.

ओलाव्यावरून आठवलं, गंज. हा विषय पुण्या-नाशिकच्या लोकांना कळणार नाही. आमची ही गाडी आम्ही किनाऱ्यावरच्या एका गावातून घेतली होती. रंग चकचकीत, सीट कव्हर नवीन, किलोमीटर कमी. ब्रेक करायला टाकली तेव्हा मिस्त्रीने पायाखालचं मॅट उचललं, मॅटच्या खाली ओल. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन पत्र्यावर नुसता टेकवला, दाबला पण नाही नीट, आणि तो आरपार खाली गेला. भोकातून मला खालची लादी दिसली. मग त्याने दरवाजाखालची पट्टी ठोकून दाखवली, आवाज बद्द. आत पोटीन भरून वरून रंग मारलेला. म्हणाला, काका, ही गाडी नुसती रंगावर उभी आहे. आणि सीटबेल्टचा खालचा बोल्ट जिथे बसतो तिथपर्यंत गंज पोचलेला. म्हणजे आम्ही एवढे दिवस पट्टा लावून शहाण्यासारखे फिरत होतो आणि तो पट्टा एका कुजक्या पत्र्याला बांधलेला होता. पत्रा कापून नवीन वेल्ड करून घेतला, पैसे गेले, पण निदान कळलं.

तेव्हा किनाऱ्याकडची जुनी गाडी घेताना मॅट उचलून बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात बघा, खाली वाकून टॉर्च मारा. छोट्या गाडीचा पत्रा आधीच पातळ, त्यात जाडी राहतेच किती. आणि ते पर्यटक जे गुहागरला, हर्णैला गाडी वाळूत लाटांपर्यंत नेऊन रील काढतात ना, त्यांना गाडी रुतली म्हणून ट्रॅक्टर बोलवायला लागतो ते आपण हसून बघतो, पण खरं नुकसान नंतर चालू होतं, खारं पाणी खालच्या पत्र्यात महिनोनमहिने बसून खात राहतं, आणि दोन वर्षांनी तीच गाडी कोणीतरी आमच्यासारखा सेकंडहँड घेतो.

टायरचंही तसंच. चाकरमान्यांची गाडी गावच्या पडवीत वर्षभर उभी, गणपतीला आणि शिमग्याला बाहेर निघते. नक्षी नवीकोरी दिसते पण रबर मेलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा २३१९ लिहिलेलं असलं तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपला टायर कितव्या सालचा आहे ते बघा एकदा, धक्का बसेल. आणि छोट्या गाडीचं चाक बारा-तेरा इंचाचं, मोठं चाक ज्या खड्ड्यावरून जातं त्या खड्ड्यात ते उतरतं. आपल्या हायवेवर काँक्रीट कुठे संपतं, डायव्हर्जन कुठे चालू होतं याला काही धरबंद नाही, काँक्रीटची कड वीतभर उंच आणि बाजूला लाल माती. एक चाक खाली गेलं की घाबरून स्टेअरिंग झटक्यात उजवीकडे ओढू नका, हलकी गाडी उसळी मारून सरळ समोरच्या लेनमध्ये जाते. वेग कमी करा, खालीच चालू द्या, मग सपाट जागा बघून वर घ्या.

पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं विचारतात. मी सुनेला असं शिकवलंय, पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात "गणपती बाप्पा मोरया" म्हणायचं, ते म्हणून होईपर्यंत आपण खांबाला पोचता कामा नये. दोन सेकंद होतात. पाऊस असला तर "मंगलमूर्ती मोरया" पण म्हणायचं. पुढे ट्रक असला तर कोरड्यातसुद्धा पूर्ण म्हणायचं, कारण ट्रकच्या मागे चिकटलं की पुढचं काहीच दिसत नाही.

पट्ट्याचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून जास्त लिहीत नाही, पण मागच्या सीटचं अजून कोणी ऐकत नाही. छोट्या गाडीत पुढचा आणि मागचा यांच्यात अंतर ते किती, मागचा बिनपट्ट्याचा माणूस पुढच्याच्या पाठीत जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरला उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा ते मागे बसले होते, पट्टा नव्हता, आणि ती गाडी काही छोटी नव्हती, मर्सिडीज होती. पीं पीं नको म्हणून पट्ट्याच्या खाचेत नुसती क्लिप अडकवणारे तर मला कळतच नाहीत. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने त्या क्लिपा ऑनलाईन विकायला बंदी केली, तरी आमच्या ओळखीत एक जण अजून वापरतो आणि वर देवाचा फोटो लावतो. पोराला पुढे मांडीवर घेऊन बसणं तर बंदच करा, एअरबॅग फुटली तर ती आधी पोराला लागते. बुटक्या बायका पाय पोचत नाहीत म्हणून सीट पुढे घेऊन छाती स्टेअरिंगला लावून बसतात, आमची सून तशीच बसायची. छाती आणि स्टेअरिंगमध्ये वीतभर तरी अंतर पाहिजे, पाठ थोडी सरळ केली, सीट वर घेतली की जमतं. आणि मागच्या काचेखालच्या फळीवर नारळ ठेवू नका. हसू नका, आमच्याकडे ठेवतात. जोरात ब्रेक लागला की तो नारळ सरळ डोक्यामागे येतो. लोखंडी बंपर गार्ड लावू नका, २०१७ पासून त्याला बंदी आहे, गाडीचा पुढचा भाग चेपला जाऊन मार खायला बनवलाय, त्याला लोखंड बांधलं की मार आत पोचतो.

आणि पाणी. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी उचलली जाते, चाकं जमीन सोडतात. जगबुडी, वाशिष्ठी, अर्जुना या आमच्या नद्या कशा चढतात ते आम्हाला सांगायला नको, २२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणने बघितलाय. कॉजवेवर पाणी असलं तर अलीकडेच थांबा, कोणाच्या तरी पडवीत बसा, कोकणात कोणी नाही म्हणत नाही.

आता माझ्या जुन्या धंद्याबद्दल, कारण सगळं गाडीवाल्यांनाच सांगितलं तर बरोबर नाही. ट्रकच्या मागे खाली एक आडवा लोखंडी बार असतो. तो शोभेचा नाही. मागून गाडी आली तर ती ट्रकखाली घुसू नये म्हणून असतो. छोट्या गाडीचं बॉनेट ट्रकच्या फळीच्या खालून जातं आणि फळी सरळ काचेला येते, मग एअरबॅग, स्टार काही कामाचं नाही. आम्ही काय करायचो, चिरे उतरवताना, खाणीच्या चढावर मागे घेताना तो बार टेकतो म्हणून वर वाकवून ठेवायचो किंवा काढून टाकायचो. मीपण काढलेला आहे. कोणी विचारलं नाही. रात्री टायर फुटला की ट्रक तसाच कडेला उभा, मागचे लाईट बंद, लाल रेडियम पट्टी चिखलाने माखलेली, आणि खूण म्हणून एक झाडाची फांदी. त्या फांदीवर विश्वास ठेवून किती रात्री मी ट्रकखाली झोपलोय. आज त्या रस्त्याने सून छोट्या गाडीतून रात्री येते तेव्हा मला त्या फांद्या आठवतात.

म्हणून तुमच्या पेपरातर्फे मागायचंच असेल तर बंदी नको, हे मागा. ट्रक-डंपरच्या मागचा बार आणि रेडियम पट्ट्या खाणीच्या तोंडाशीच तपासा, हायवेवर धरून पावती फाडण्यात अर्थ नाही. गणपतीत जशी अवजड वाहनं बंद करता तशी निदान मे महिन्यातल्या रात्री उभ्या ट्रकसाठी नीट जागा करा, लाईटवाली. डायव्हर्जनच्या आधी पाटी लावा, डायव्हर्जनवर नको. या हायवेचं पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ ला सुरू झालं तेव्हा माझा नातू जन्माला पण आला नव्हता... चुकलो, नुकता जन्मला होता, तो आता मला फिजिक्स शिकवतोय.

आपला,
एक जुना ट्रक ड्रायव्हर,
ता. लांजा, जि. रत्नागिरी

ता. क. पत्र लिहून झालं आणि सून ड्युटीला निघाली. मी हल्ली ती निघताना गेटजवळ मागे उभा राहतो आणि तिला ब्रेक दाबायला सांगतो, आधी ती वैतागायची, आता न सांगता दाबते. आज डावीकडचा लाल लाईट लागला नाही. बल्ब गेला होता. घरात एक जादा होता, बदलला, मग गेली ती, दहा मिनिटं उशीर झाला.